तहान लागण्याआधीचा हिशेब

मे महिना जवळ आला की आपल्या घरांतून दोन याद्या तयार होतात. एक असते लग्नसराईच्या उधारीची, दुसरी असते मुलांनी ठरवलेल्या सुट्टीच्या बेतांची. पहिली यादी आपण दहा वेळा तपासतो. दुसरीला मात्र ‘त्या दिवशी बघू’ असे म्हणून मोकळे होतो. गेल्या वर्षी आमच्या घरच्या दुसऱ्या यादीत एका मनोरंजन उद्यानाचे नाव सर्वांत वर होते. त्या दिवशी जे घडले ते लिहिताना आजही थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी होती. परंतु या सदरात आपण एकमेकांशी घरच्यासारखे बोलतो, म्हणून ते जसे घडले तसेच सांगतो.

आम्ही अकरा जण निघालो होतो. मी आणि पत्नी, धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी, चौऱ्याहत्तर वर्षांची आई, आत्या आणि घरातली पाच मुले. आई कित्येक वर्षांपासून उकळलेले पाणीच पिते. तिच्यासाठी एक लिटरची स्टीलची बाटली भरून घेतली होती. बाकीच्यांचे पाणी गाडीतच संपले. प्रवेशद्वाराशी खाण्याचे डबे बाहेर ठेवावे लागले. आईचे पाणी मात्र विनंतीनंतर आत नेऊ दिले.

आत गेल्यावर पहिल्याच टपरीवर पाण्याची किंमत विचारली. अर्ध्या लिटरची बाटली 50 रुपये. आपल्या दुकानाशेजारी एक लिटर मिळते त्याच्या कितीतरी पट! माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी सर्वांना सांगितले, ‘‘इथे कोणी पाणी विकत घ्यायचे नाही. पुढे कुठे तरी नळ असेल.’’ नळ होता, पण तो उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तो शोधण्याचे काम मी कोणालाच दिले नव्हते. मुले एका रांगेतून दुसऱ्या रांगेत धावत होती. उन्हाने फरसबंदी तापली होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास एका रांगेत उभी असलेली आई एकाएकी खाली बसली. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तरीही ती म्हणत होती, ‘‘काही नाही रे, तुम्ही जाऊन या.’’

प्रथमोपचार कक्षातील डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘आजींनी सकाळपासून किती पाणी प्यायले?’’

आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. दुकानात किती माल आला, किती गेला आणि किती शिल्लक आहे हे नगानगाने सांगणारी आम्ही माणसे, आणि आईच्या बाटलीत किती पाणी उरले होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. मागाहून कळले की बारा वाजताच तिने आपल्या बाटलीतले निम्म्याहून अधिक पाणी धाकट्या नातवाला दिले होते. मग उकळलेले पाणी कुठून मागायचे, आणि मुलाने विकत घेऊ नका म्हटल्यावर खर्चाचे नाव तरी कसे काढायचे, म्हणून ती गप्प राहिली. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील एका ताईंनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळले, ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतून निववले आणि आणून दिले. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. तासाभराने आईला बरे वाटले. परंतु उरलेला दिवस आम्ही सर्वांनी त्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसून काढला.

अकरा बाटल्यांचे 550 रुपये मी वाचवले होते.

काटकसर कुठे चुकली?

घरी परतल्यावर मी पुष्कळ विचार केला. पन्नास रुपयांची बाटली महाग होती, यात शंका नाही. काटकसर करावी हेही खरे. चूक होती ती काटकसरीच्या वेळेची. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हसतात. मी तर तहान लागल्यावर विहीर खणणेही नाकारले होते. हंगामाचा माल हंगामापूर्वी भरायचा असतो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले आहे. पाण्याची बचतही घरातून निघण्यापूर्वीच करायची असते. एकदा आत शिरून घसा कोरडा पडला की मग भाव करण्याची वेळ निघून गेलेली असते. त्या क्षणी पाणी मिळेल त्या भावाने घ्यावे आणि तक्रार स्वतःच्या नियोजनाकडे करावी.

उद्यानांचा व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये. या काळात महाराष्ट्रातील एका पिढीला अशा सहलींची सवय झाली. मोठमोठी यंत्रे, त्यांची देखभाल, जमीन, वीज आणि मनुष्यबळ यांचा खर्च केवळ तिकिटावर भागवला जात नाही. खाणे, पेये आणि वस्तूंची विक्री हा उत्पन्नाचा मोठा भाग असतो. ग्राहक दिवसभर आवारात असतो आणि शेजारी दुसरे दुकान नसते. अशा ठिकाणी भाव चढे असणार, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. म्हणून रागावण्यापेक्षा तयारीने जाणे अधिक शहाणपणाचे.

किती पाणी लागते?

उन्हात सतत चालणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जाऊ शकतो. तहान ही त्याची उशिरा येणारी सूचना आहे. वय वाढते तशी ती सूचना आणखी क्षीण होते. म्हणूनच आजी-आजोबा ‘मला तहान नाही’ म्हणतात तेव्हा ते खरेच बोलत असतात, परंतु शरीराला पाणी हवेच असते. लहान मुलांना खेळाच्या भरात तहानेचे भान राहत नाही. जलक्रीडेच्या उद्यानात तर फसगत अधिक होते, कारण अंग ओले असल्यामुळे घाम जातो आहे हे जाणवतच नाही. शिवाय तलावातले पाणी पिण्याचे नसते, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

उन्हात कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी दर 15 ते 20 मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण 240 मिलिलिटर पाणी, असा सल्ला दिला जातो. तासाला दीड लिटरहून अधिक पिऊ नये, असेही त्याच सल्ल्यात सांगितलेले असते. कारण थोड्या वेळात फार साधे पाणी पोटात गेले तर रक्तातील क्षाराचे प्रमाण घटते आणि तेही धोक्याचे ठरते. आपण सावलीत बसतो, जेवतो, रांगेत थांबतो. म्हणून दर अर्ध्या तासाला अर्धा ते एक पेला हा घरगुती नियम पुरेसा व्हावा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद झाला असेल तर कमी पडते आहे, ही साधी खूण मुलांनाही समजते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता हिशेब मांडू. आठ-नऊ तासांच्या दिवसासाठी माणशी अडीच लिटर धरले तर अकरा जणांना साडेसत्तावीस लिटर पाणी लागते. ते सर्व अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतून विकत घ्यायचे तर 55 बाटल्या, म्हणजे 50 रुपयांच्या भावाने 2750 रुपये. हे सगळे पाणी घरून नेऊ म्हटले तर साडेसत्तावीस किलोचे ओझे होते, तेही जमणार नाही. म्हणून वाटणी करावी लागते.

गोदाम आणि गल्ला

आमच्या घरात आता ही वाटणी दुकानाच्याच भाषेत केली जाते. प्रत्येकाच्या खांद्यावरची एक लिटरची बाटली हा गल्ला. वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीतला दहा लिटरचा स्टीलचा कॅन हे गोदाम. आणि उद्यानातील पिण्याच्या पाण्याचे नळ हा बाजार. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी गोदामातून भरायचे, बाकीच्यांनी बाजारातून. एकदा बाहेर पडून पुन्हा आत जाता येते का, हे तिकीट काढताना विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी हातावर शिक्का किंवा पट्टी देऊन तशी सोय केलेली असते. काही ठिकाणी ती नसते. नसेल तर उकळलेले पाणी पिणाऱ्यांचा दिवसभराचा साठा सोबतच न्यावा लागेल आणि त्याबद्दल आधी फोन करून परवानगी विचारावी. दूरध्वनीवर नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला बहुधा अनुकूल उत्तर मिळते. दारावर रांग अडवून घातलेल्या वादातून काही निष्पन्न होत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावे लागत नव्हते. पेढीच्या कामासाठी आगगाडीने निघताना फिरकीचा तांब्या सोबत असेच. उन्हाळ्यात बैलगाडीला किंवा मोटारीला कापडी छागळ टांगलेली असे. तिच्या ओल्या कापडावरून वारा गेला की आतले पाणी गार होई. तीच युक्ती आजही चालते. स्टीलच्या बाटलीभोवती सुती पंचाचा तुकडा गुंडाळून तो ओला ठेवावा. कोरड्या हवेत पाणी चांगले निवते. कोकणपट्टीच्या दमट हवेत गुण थोडा कमी येतो. बर्फ न घेणाऱ्या घरांना याचा विशेष उपयोग आहे. गाडीतला कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून आसनाखाली, सावलीच्या बाजूला ठेवावा.

उकळलेल्या पाण्याची काळमर्यादाही नियोजनात धरावी लागते. श्वेतांबर परंपरेत प्रचलित असलेली मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि चातुर्मासात तीन प्रहर अशी आहे. प्रहर साधारण तीन तासांचा. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाच्या सुमारास उकळलेले पाणी रात्री नवापर्यंत चालते आणि पूर्ण दिवस भागतो. परंतु तीच सहल पावसाळ्यात काढली तर मर्यादा दुपारी तीनच्या सुमारास संपते. त्या दिवसांत एक तर अर्ध्या दिवसाचा बेत करावा, नाही तर आत पाणी उकळून मिळेल का हे आधी विचारावे. दिगंबर परंपरेतील गणना वेगळी आहे. ज्याने त्याने आपल्या घरची रीत पाळावी. सकाळी घाई असते, म्हणून उकळलेले पाणी परातींत पसरून निववावे आणि मगच बाटल्या भराव्यात.

नवकारसी आणि चौविहार करणाऱ्यांसाठी वेळेचा आराखडा निराळा असतो. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. नवकारसीची 48 मिनिटे संपली की गाडीतच पहिला पेला घ्यावा. उद्यानात पोहोचेपर्यंत थांबू नये. चौविहार करणाऱ्यांनी दिवसभर कोरडे राहून सूर्यास्तापूर्वीच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी घटाघटा पिण्याचा प्रकार टाळावा. त्याने तहान शमल्यासारखी वाटते, परंतु दुपारची उणीव दुपारी भरून निघालेली नसते. साडेपाचनंतर वीस-वीस मिनिटांनी एकेक पेला घेतला तर रात्र सुखाची जाते. ज्यांचा त्या दिवशी उपवास किंवा एकासणे असेल त्यांनी उद्यानाचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. तप आणि तापलेली फरसबंदी यांची गाठ घालू नये.

विकत घेताना

एवढे करूनही काही तरी विकत घ्यावे लागतेच. तेव्हा आपण व्यापारी आहोत हे विसरू नये. बाटलीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत वाचावी. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार एकाच वेष्टित वस्तूवर दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या कमाल किमती छापण्यास 1 जानेवारी 2018 पासून मनाई आहे. टपरीवरच्या किरकोळ विक्रीत ‘थंड करण्याचे पैसे’ म्हणून छापील किमतीहून अधिक मागता येत नाहीत. मात्र बसून सेवा घेतली जाते अशा हॉटेल-उपाहारगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये वेगळा निर्णय दिला. तिथे छापील किमतीहून अधिक आकारणी करता येते. म्हणून तीच बाटली टेबलाशी बसून मागण्याऐवजी टपरीवरून घेणे परवडते. तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा 1915 हा क्रमांक आहे. मी स्वतः त्या दिवशी छापील किंमत वाचलीच नव्हती. नुसताच रागावलो होतो.

आणखी एक निर्णय माहीत असावा. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करण्याचा अधिकार मान्य केला, परंतु पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे हेही नमूद केले. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता आहे, तरी ‘पिण्याचे पाणी कुठे मिळेल?’ हा प्रश्न कुठेही विचारण्यात संकोच वाटू नये, एवढे बळ त्यातून घ्यावे. आत शिरताच नकाशा घेऊन नळांच्या जागांवर खुणा कराव्यात. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवावे. ते फार आनंदाने करते.

रंगीत, गोड पेयांबद्दल दोन शब्द. फसफसणाऱ्या गोड पेयांत दर 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे 300 मिलिलिटरच्या पेल्यात 30 ग्रॅम, जवळजवळ सहा-सात चमचे. पैसे अधिक आणि तहान पुन्हा लवकर. याच्या तुलनेत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, एका लिटरला अवघे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. बाकी महत्त्व क्षारांचे. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने असंख्य पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले. त्याच नावाचा आधार घेऊन गोड पेये विकली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. म्हणून औषधाच्या दुकानातून सूत्राचा उल्लेख असलेली पुडी घ्यावी, एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साध्या घामासाठी मात्र दर वेळी जलसंजीवनीची गरज नसते. पाणी, वेळेवर जेवण, आणि सोबत थोडे मीठ-जिरे घातलेले कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत पुरते. पन्ह्याचा अर्क छोट्या बाटलीत न्यावा आणि आत पाणी मिळाले की त्यात मिसळावा, ओझे वाचते. शहाळे मिळत असेल तर ते रंगीत पेयापेक्षा केव्हाही बरे.

परदेशच्या सहलीला जाताना

सुट्टीत अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची संख्या कमी नाही, आणि मुलांच्या हट्टामुळे फ्लोरिडातील ऑर्लँडो त्यात असतेच. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःच्या वापरासाठी खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेये आत नेता येतात; काचेची भांडी मात्र चालत नाहीत. पेयांचे यंत्र असलेल्या झटपट उपाहारगृहांच्या खिडकीवर मागितल्यास थंड पाण्याचा पेला विनामूल्य मिळतो. बर्फ नको असल्यास तसे आधीच सांगावे. प्रत्येक उद्यानाचे नियम निराळे असतात आणि बदलतही असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाचे वाचून घ्यावेत.

विमानतळावर तपासणीतून भरलेली बाटली नेता येत नाही. रिकामी नेऊन पलीकडे भरावी. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. भारतातील विजेची किटली 230 व्होल्टची असते, अमेरिकेत वीज साधारण 120 व्होल्टची. आपली किटली तिथे जेमतेम पाव शक्तीने तापते आणि सकाळची बस सुटेपर्यंत पाणी कोमटच राहते. दोन्ही दाबांवर चालणारी प्रवासी किटली इथूनच घेऊन जावी. जूनमध्ये तिथला सूर्यास्त रात्री सव्वाआठनंतर होतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांना संध्याकाळ मोठी मिळते. घड्याळ आपल्या गावचे धरू नये.

खूण ओळखावी

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, विनाकारण चिडचिड ही पहिली खूण. तेव्हा सावलीत बसवावे, अंगावरचे कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने अंग पुसावे, घोट घोट पाणी द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग फार तापले तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा तोंडात पाणी ओतू नये. अंग थंड करत राहावे आणि तत्काळ 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. दुपारी 12 ते 3 ही वेळ उन्हातल्या राइडसाठी नसतेच. ती जेवणाला आणि छताखालच्या खेळांना द्यावी.

या वर्षी परीक्षा संपताच, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, आम्ही पुन्हा त्याच उद्यानात गेलो. आई प्रथम नको म्हणाली. मग आत्या येणार म्हटल्यावर तयार झाली. निघण्यापूर्वी मी एका पाकिटात हजार रुपये वेगळे ठेवले आणि वर ‘पाणी’ असे लिहिले. सर्वांना सांगितले की हे पैसे वाचवायचे नाहीत. लागतील तेव्हा न विचारता खर्च करायचे. गंमत अशी की पैसे असे मोकळे ठेवल्यावर ते फारसे लागले नाहीत. चार बाटल्या आणि मुलांची पाच सरबते, एकूण पाचशे रुपये. पुतणीने नळांचा नकाशा केला होता. दर तासाला ती वही घेऊन फिरत होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करत होती.

गेल्या वर्षी पाणी उकळून देणाऱ्या ताई भेटतील म्हणून आईने लाडवांचा एक डबा गाडीत ठेवला होता. जेवणाच्या वेळी चौकशी केली, पण त्यांनी ती नोकरी सोडली होती. आईने डबा बाहेर आणवून दारावरच्या पहारेकऱ्याला दिला.

परतीच्या वाटेवर सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली असताना गाडी थांबवली. आईने कॅनमधून शेवटचा पेला भरून घेतला, सावकाश प्यायला आणि पुतणीला म्हणाली, ‘‘लिही गं, आजी, नववा.’’